कोरोनात धंदे बंद होते मग सेन्सेक्स वर कसा गेला?

आपल्याकडे नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत चहाच्या टपरीवर अजून ऐकू येतं, "लॉकडाऊनमध्ये शटर डाऊन आणि मार्केट वर, म्हणजे सगळा सट्टाच". अर्धंच खरंय हे.

आधी मार्केट आपटलंच होतं, २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० च्या वर पॉइंट पडून २६ हजाराच्याही खाली बंद झाला. पण शेअरचा भाव काही या महिन्याच्या गल्ल्यावर ठरत नाही, पुढच्या कित्येक वर्षांच्या कमाईच्या अंदाजावर ठरतो, त्यात आरबीआयने रेपो रेट (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) मे पर्यंत ४ टक्क्यांवर आणला, एफडीचं व्याज घटलं आणि पैसा शेअरकडे वळला. जानेवारी २०२१ मध्ये सेन्सेक्सने ५० हजार गाठले.

आणि मुख्य म्हणजे मोठ्या कंपन्यांची कामं करून देणारा अंबडचा छोटा जॉबवर्कवाला सेन्सेक्समध्ये नाहीच ना! तिथे ३० मोठ्या कंपन्या, त्यातही आयटी, फार्मावाल्यांना काम मिळत होतं, बऱ्याच जणांनी प्रवास, जाहिरात असले खर्च कापून विक्री पडलेली असतानाही नफा सावरला. हॉटेल, विमान, मल्टिप्लेक्सवाले मात्र चांगलेच झोपले, ते कोणी सांगत नाही. काही शेअर उगाच फुगले हेही खरं, पण सगळंच हवेत नव्हतं.