हळदीचा हात आणि किरणोत्सारी धूळ

सांगलीत हळदीच्या वखारीत काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ऑइल पेंटच्या दारावर हळदीची धूळ बसली तर ती ओल्या फडक्याने निघते. चुन्याच्या भिंतीवर बसली तर मुरते. आणि ताज्या चुन्यावर ओला हळदीचा हात टेकला, तर पिवळा डाग बघता बघता लाल होतो, हळदीचं कुंकू होतं तसा. मग तो पुसून जात नाही, खरवडावाच लागतो. वर बसलेलं, आत मुरलेलं आणि भिंतीशी एकजीव झालेलं, या तिन्हींना उपाय वेगळे. इमारतींवरची किरणोत्सारी धूळ काढताना शास्त्रज्ञांना हेच शिकावं लागलं, पण फार महागात.

हळदीचा डाग निदान उन्हाने फिका पडतो. किरणोत्सारी अणू साबणाने, आम्लाने किंवा आगीने नाहीसा होत नाही. अशा उपायांनी तो फक्त जागा बदलतो: भिंतीवरून फडक्यात, फडक्यातून बादलीत. म्हणून धुतलेलं पाणी गटारात सोडायची सोय नसते, तेही साठवावं लागतं.

पहिला मोठा धडा समुद्रात मिळाला. २५ जुलै १९४६ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांपाशी पाण्याखाली अणुबॉम्ब फोडला. मुद्दाम उभ्या केलेल्या जहाजांवर किरणोत्सारी पाणी आणि तळाचा गाळ कोसळला. खलाशांनी नेहमीसारखे डेक धुवायला घेतले: पाण्याचे फवारे, साबण, कॉस्टिक सोडा, ब्रश. कित्येकांच्या अंगावर धड संरक्षक कपडेही नव्हते, हे वाचून आजही राग येतो. एवढं करून किरणोत्सार मोजणाऱ्या मीटरचा काटा पुरेसा खाली येईना. धूळ रंगात, गंजात, लाकडी फळ्यांच्या सांध्यांत शिरली होती. १० ऑगस्टला काम थांबवावं लागलं. गुण आला तो वाळूच्या माऱ्याने रंगाचा थरच उडवल्यावर. तरीही बरीचशी जहाजं शेवटी बुडवावी लागली.

तिथून विचार उलटा फिरला. रंगच काढायचा असेल, तर तो काढता येईल असाच आधी लावावा. गुळगुळीत, छिद्र नसलेले लेप आले. वाळल्यावर सालीसारखे सोलून निघणारे लेपही आले. दूषित जागेवर असा लेप लावायचा, वाळताना तो धूळ पकडतो, मग पापुद्रा सोलून डब्यात बंद करायचा. पाणी जवळपास लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात एप्रिल १९८६ मध्ये अपघात झाला, तेव्हा धूळ वाऱ्यावर उडू नये म्हणून हेलिकॉप्टरमधून चिकट द्रावणं फवारली गेली.

पण घरांच्या भिंतींचं खरं अवघड काम पाहायचं, तर ब्राझीलचं गोयानिया पाहावं. सप्टेंबर १९८७ मध्ये बंद पडलेल्या दवाखान्यातलं कॅन्सरवरच्या उपचाराचं यंत्र भंगारात गेलं. आतलं किरणोत्सारी सीझियम-१३७ मिठासारखं, पाण्यात विरघळणारं; अंधारात निळसर चमकायचं म्हणून लोकांनी ते घरोघरी वाटलं. चार जणांचा जीव गेला, २४९ जण दूषित झाले, एक लाख बारा हजारांच्या आसपास लोकांची तपासणी झाली. सीझियम विटांतल्या, कौलांतल्या मातीच्या खनिजांत घट्ट अडकतं. हळदीला चुना भेटावा तसं. घरांत आधी व्हॅक्युम फिरवला, मग भिंतींचे रंग खरवडले आणि फरश्यांवर आम्लात कालवलेला प्रशियन ब्ल्यू वापरला. हा मुळात चित्रकारांचा निळा रंग, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला. त्याच्या स्फटिकात सीझियम अडकून बसतं, म्हणून तो रुग्णांना पोटातूनही दिला. तरीही काही घरं पाडावीच लागली.

दिल्लीच्या मायापुरीत एप्रिल २०१० मध्ये भंगारात आलेला कोबाल्ट-६० हा धातू होता. तिथेही एका कामगाराचा जीव गेला, मात्र धातूचे तुकडे शोधून उचलता येतात, मिठासारखे ते फरशीत मुरत नाहीत.

आपल्याकडे हा विषय पोहोचतो तो मिरजेच्या वाटेने. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ काढल्यापासून हे दवाखान्यांचं गाव. थायरॉइडच्या कॅन्सरवर किरणोत्सारी आयोडीन-१३१ देतात, तेव्हा रुग्णाच्या घामातून आणि लघवीतूनही किरणोत्सार बाहेर येतो. म्हणून अशा खोल्यांच्या भिंतींना धुता येणारा गुळगुळीत रंग असतो. जमिनीवर सांधे जोडून बंद केलेली शीट असते आणि ती कडेला भिंतीवर काही इंच वर वळवलेली असते, म्हणजे सांडलेलं कोपऱ्याच्या फटीत शिरत नाही. या आयोडीनचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार आपोआप निम्मा व्हायला लागणारा काळ, फक्त ८ दिवसांचं. त्यामुळे डाग लागलेली चादर घासत बसायचं नाही. पिशवीत बांधून, तारीख लिहून बंद खोलीत ठेवायची. ८० दिवसांत किरणोत्सार हजाराव्या हिश्श्यावर येतो, मग ती तपासून धुवायला जाते.