गळा आवळलेलं इंजिन

माझ्या आतेभावाने गेल्या वर्षी एक जुनी, मोठी सेडान घेतली. आठ सिलिंडर, चामड्याच्या सीट्स, दार लावलं की बाहेरचा आवाज गायब. पण शहरात ॲव्हरेज सहा. ‘तीनशे घोडे पोसायचे म्हणजे एवढं खाणारच,’ असं तो म्हणतो आणि घरातले माना डोलावतात. ऐकायला पटतं, पण खरं कारण वेगळं आहे. त्या तीनशेपैकी बहुतेक घोडे दिवसभर कामावर नसतातच. त्यांना आवरून धरण्यात पेट्रोल जातं.

हिशेब करून पाहू. दोन टनांची सेडान सपाट रस्त्यावर ताशी 100 किलोमीटरने जाते तेव्हा हवा कापायला सुमारे 9 आणि टायर फिरत ठेवायला 5-6 किलोवॅट लागतात. म्हणजे जेमतेम वीस अश्वशक्ती. वजन खरं नडतं ते सिग्नलला. ताशी 50 च्या वेगातून गाडी थांबवली की साधारण पाच चहाचे चमचे पेट्रोल जाळून मिळवलेली गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते.

आता मला मनापासून आवडणारा भाग. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण जवळपास ठरलेलं असतं, 14.7 ला 1. म्हणून ताकद कमी हवी असेल तर हवाही कमी घ्यावी लागते. हे काम थ्रॉटल करतो. थ्रॉटल म्हणजे हवेच्या वाटेतली एक चकती. मोठं इंजिन हळू चालवताना ती जवळपास मिटलेली असते आणि पिस्टनला त्या फटीतून हवा ओढावी लागते.

घरातली इंजेक्शनची सिरिंज घ्या, सुई काढून. टोकावर बोट घट्ट दाबून दट्ट्या ओढा आणि सोडा. तो चटकन मागे जातो, म्हणजे तुम्ही लावलेला जोर परत मिळाला. आता बोट किंचित सैल ठेवून ओढा. हवा सूं करत आत शिरते, आणि सोडल्यावर दट्ट्या आहे तिथेच राहतो. जोर तेवढाच लागला, परत काहीच आलं नाही. थ्रॉटलपाशी हेच घडतं.

4.4 लिटरचं इंजिन मिनिटाला 1800 फेरे घेत असेल तर सगळी सिलिंडरं सेकंदाला पंधरा वेळा श्वास घेतात. थ्रॉटलच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा 0.6 बारने कमी धरला (बाहेरच्या हवेचा दाब साधारण 1 बार), तर या ओढाताणीत 4 किलोवॅट खर्च होतात. गाडी पुढे न्यायला 15 आणि नुसता श्वास घ्यायला 4!

2001 साली आलेल्या बीएमडब्ल्यू 745आयच्या व्ही-8 इंजिनात यावर सुंदर तोड होती. हवा मोजायचं काम थ्रॉटलकडून काढून सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या झडपांकडे दिलं. झडप मिलिमीटरच्या काही अंशापासून जवळपास दहा मिलिमीटरपर्यंत हवी तेवढी उघडते. कमी ताकद हवी असेल तर ती थोडीशी उघडून लवकर मिटते. पुढे पिस्टन खाली जाताना आत अडकलेली हवा ताणली जाते आणि वर येताना पिस्टनला परत ओढून घेते. बोट घट्ट दाबलेली सिरिंज! डिझेल इंजिनात ताकद फक्त इंधन कमी-जास्त करून बदलते, त्यामुळे तिथे हा गळफास मुळातच नसतो.

आतेभावाला कुणीतरी पेट्रोलच्या नळीला बांधायचं चुंबक विकलं आहे. त्याने पेट्रोलचे रेणू ‘सरळ’ होतात म्हणे. पेट्रोलवर चुंबकाचा असा परिणाम होत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरावर साधनं तपासली, लक्षणीय बचत एकातूनही दिसली नाही. हे पैसे टायरमधल्या हवेवर घातले असते तर बरं झालं असतं.

घाट उतरताना तो गाडी न्यूट्रलला टाकतो, तेही पेट्रोल वाचावं म्हणून. पण न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, तर फ्युएल इंजेक्शनची (पेट्रोल मोजून फवारणारी) गाडी इंजिनाचे फेरे पुरेसे असेपर्यंत पेट्रोल पूर्ण बंद करते. चाकंच इंजिन फिरवतात, मिटलेल्या थ्रॉटलमागे पिस्टन ओढताना त्यांची दमछाक होते आणि एरवी पेट्रोल खाणारी तीच ओढाताण उतारावर फुकटचा ब्रेक लावते.