भाडेपट्ट्याची मुदतवाढ: अर्ज अडतो तो नावावर

सिडको (राज्याचे शहर व औद्योगिक विकास महामंडळ) भागातल्या लोकांचे घराचे कागद गेली काही वर्षे बघतो आहे. "मुदतवाढ नामंजूर झाली" म्हणून जे येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचा अर्ज मुदतवाढीच्या मुद्द्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. पट्ट्यावर त्यांचे नावच नसते, म्हणून फाइल पहिल्याच टेबलावरून परत येते.

संभाजीनगरचे सिडको असो, नांदेडचे सिडको असो की म्हाडाची (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची) वसाहत, अशा ठिकाणी बहुतेक वेळा जमीन प्राधिकरणाची असते आणि आपल्याकडे ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा असतो. 2006 साली संभाजीनगरच्या सिडकोतल्या नागरी सेवा महापालिकेकडे गेल्या आणि घरपट्टी तिथे भरायला लागली. तेव्हापासून घरपट्टीची पावती म्हणजेच मालकी, असा समज पक्का बसला आहे. त्या पावतीवरून कर भरला एवढेच कळते, पट्टेदार कोण ते कळत नाही.

सगळ्यात जास्त अडतात ते "बॉन्डवर घेतलेल्या" घरांचे मालक. मूळ वाटपदाराला, म्हणजे प्राधिकरणाने ज्याला घर दिले त्याला, नगदी पैसे दिले, शंभराच्या बॉन्डवर करार लिहिला, नोटरी केली, सोबत मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) घेतले आणि पंचवीस वर्षे सुखाने राहिले. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले की मुखत्यारपत्रावर स्थावर मालमत्तेचा हक्क हस्तांतरित होत नाही. अशा घराला आधी नोंदणीकृत हस्तांतरण करावे लागते. त्यासाठी पट्टा देणाऱ्या कार्यालयाची परवानगी लागते आणि हस्तांतरण शुल्क भरावे लागते. मुदतवाढीचा अर्ज त्यानंतरचा. मूळ वाटपदार हयात असेल तर आजच त्याला गाठा. तो गेला की त्याची चार मुले चार गावांना असतात आणि प्रत्येकाची सही लागते.

मूळ पट्टेदार तुमचे वडील किंवा आई असेल आणि ते वारले असतील, तर वारसाचा कागद नीट निवडा. तहसीलचा वारस दाखला बहुतेक ठिकाणी चालत नाही. न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र बँकेतल्या ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी असते. घरासाठी दिवाणी न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र लागते. नावे सारखी वाटतात, म्हणून लोक चुकीचे प्रमाणपत्र आणतात आणि वर्ष वाया जाते. बहिणींनी हक्क सोडला असेल तर ते हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले हवे, नोटरी केलेले पुरत नाही. सोसायटीत नामनिर्देशन आहे म्हणून निश्चिंत राहू नका. नॉमिनी तात्पुरता सदस्य होतो, त्याने वारसांचा हक्क संपत नाही.

नावातल्या फरकाचे एक उदाहरण सांगतो. एका काकूंनी पत्र्याच्या डब्यातून कागद काढून माझ्यासमोर मांडले. वाटपपत्रावर "कमलबाई", आधारवर "कमल", लाइट बिलावर पतीचे नाव आणि पतीच्या मृत्यू दाखल्यावर त्यांच्या वडिलांचे नाव वेगळेच. एकाच घरात राहिलेली एकच बाई, पण कार्यालयाच्या लेखी चार माणसे. आमच्याकडे "बाई", "राव" लावायची रीत आहे, हे त्या टेबलावरच्या माणसालाही ठाऊक असते, तरी तो फाइल परत करतो. म्हणून अर्जाआधी एकच व्यक्ती असल्याचे शपथपत्र करून ठेवा आणि मृत्यू दाखल्यातली चूक नोंद करणाऱ्या कार्यालयातूनच दुरुस्त करून घ्या.

आता मुदतीचे. पट्टा 15 जून 1982 पासून 60 वर्षांचा असेल तर तो 15 जून 2042 ला संपतो. तुम्ही ते घर 2006 मध्ये घेतले असले तरी मुदत 2066 पर्यंत जात नाही, कारण विकत घेणाऱ्याला फक्त उरलेली वर्षे मिळतात. सुरुवातीची तारीख करारात लिहिलेली नसेल तर करार झाल्याच्या दिवसापासून मोजतात. ताबा पावतीची तारीख वेगळी असते, ती धरून बसू नका. नूतनीकरणाचे कलम शोधून वाचा, त्यात मुदत संपण्याआधी किती महिने लेखी कळवायचे ते असते. असे कलमच नसेल तर मुदतवाढ हा तुमचा हक्क ठरत नाही, विनंती ठरते, आणि विनंती लवकर केलेली बरी. भाडेपट्ट्याऐवजी मालकी हक्क मिळणार म्हणून काहीजण हातावर हात ठेवून बसले आहेत. कर्ज देताना बँक मात्र पट्ट्याची उरलेली वर्षे मोजते.

फ्लॅटधारकांनी आणखी एक बघावे. जमिनीचा पट्टा सोसायटीच्या नावावर असेल तर एकट्याचा अर्ज घेत नाहीत. सर्वसाधारण सभेचा ठराव करून सोसायटीनेच अर्ज करायचा. बिल्डरने पट्टा अजून स्वतःच्याच नावावर ठेवला असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर करून देत नसला तरी हक्क सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा) अर्ज आधी करावा लागतो.

बाकी कागद नेहमीचे: वाटपपत्र, ताबा पावती, पट्ट्याची प्रत, थकबाकी नसल्याचा दाखला, ओळखपत्र, कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत. विनापरवाना वाढवलेली खोली किंवा पुढे काढलेले दुकान पाहणीत निघतेच, त्याचे आधी निस्तरा. मूळ पट्टा हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. वाटपाची फाइल हवी असेल तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्जाच्या पोचेवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दर खेपेला एकच त्रुटी काढायची सवय काही टेबलांना जडली आहे. म्हाताऱ्या माणसांना त्यापायी पाच-पाच चकरा पडतात, ते बघवत नाही. सगळ्या त्रुटी एकदम आणि लेखी मागा.

मंजुरीचे पत्र आले म्हणजे झाले, असे समजून ते पत्र कपाटात ठेवणारे बरेच आहेत. पत्राने मुदत वाढत नाही. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो. मुद्रांक शुल्क किती लागेल ते आधी काढून घ्या, कारण 29 वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या पट्ट्याला ते बाजारमूल्याच्या 90 टक्के रकमेवर धरले जाते आणि आकडा ऐकून ऐनवेळी धावपळ होते. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला न्यायचा. उशीर झाला तर पुढचे चार महिने दंड भरून संधी असते. नोंदणीनंतर नगर भूमापन कार्यालयात अर्ज द्या आणि महिना-दोन महिन्यांनी मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) उतारा काढून त्यावर नवी मुदत चढली आहे का ते स्वतः वाचून बघा.