केंद्रकाच्या दारावर तापमानाचं काम

पेशीच्या केंद्रकाच्या आवरणात छिद्रं आहेत, हे कॅलन आणि टॉमलिन यांनी 1950 मध्ये उभयचरांच्या अंडपेशींवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक रोखून दाखवलं. पण छिद्र दिसलं म्हणून त्यातून कोण कसं जातं ते कळत नाही. 1975 मध्ये वेगवेगळ्या आकाराचे डेक्स्ट्रान (साखरेच्या लांब साखळ्यांचे रेणू) पेशीत टोचून मोकळी वाट सुमारे 9 नॅनोमीटर रुंद असल्याचा अंदाज आला. साधारण 40 किलोडाल्टनपर्यंतचे (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) रेणू तिथून आपसूक झिरपतात. त्याहून मोठ्यांना खूण, म्हणजे अमिनो आम्लांचा ठरावीक क्रम, लागते. एसव्ही-40 विषाणूच्या टी-प्रथिनात ती 1984 मध्ये सापडली: प्रोलीन, तीन लायसीन, आर्जिनीन, लायसीन, व्हॅलीन. यातलं नेमकं एक लायसीन बदललं की प्रथिन केंद्रकाबाहेरच राहतं.

खरी उकल थंडीनं केली. 1988 मध्ये दिसलं की पेशी गार केल्या किंवा त्यांचं एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) संपवलं, तर खूणवालं प्रथिन छिद्राला चिकटतं, पण आत जात नाही. म्हणजे पायऱ्या दोन: चिकटणं आणि पार होणं. छोटे रेणू मात्र थंडीतही झिरपत राहतात. त्यामुळे 4 अंशांवरचा नमुना आजही नियंत्रण, म्हणजे तुलनेचा नमुना, म्हणून ठेवतात.

1990 मध्ये अ‍ॅडम, स्टर्न-मार आणि गेरास यांनी डिजिटोनिन या पटलाला भोकं पाडणाऱ्या रसायनाची पद्धत आणली. आमच्या मते या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण तेच. डिजिटोनिन कोलेस्टेरॉलला धरतं. पेशीपटलात ते भरपूर असतं, केंद्रकावरणात कमी. म्हणून बर्फावर पाचेक मिनिटं, मिलिलीटरला 40 मायक्रोग्रॅमच्या आसपास मात्रा दिली की बाहेरचं पटल उघडतं आणि केंद्रक शाबूत राहतं. मग वेगळं काढलेलं पेशीद्रव (केंद्रकाबाहेरचा पेशीतला द्रव), एटीपी आणि चमकणारं खूणवालं प्रथिन घालून 30 अंशांवर अर्धा तास ठेवायचं. मात्रा जास्त झाली तर आवरण फाटतं आणि सगळंच आत घुसतं. 70 किलोडाल्टनचा डेक्स्ट्रान आत दिसला तर तो नमुना टाकून द्यावा. मात्रा कमी पडली तर पेशीद्रव आत पोचतच नाही. पेशींचा प्रकार बदलला की मात्रा नव्यानं ठरवावी लागते.

याच पद्धतीनं पुढच्या काही वर्षांत पेशीद्रवातली प्रथिनं हाती लागली: दिशा ठरवणारं रान, आणि इम्पोर्टिन-आल्फा व इम्पोर्टिन-बीटा हे वाहक. एटीपी छिद्राला ढकलत असावं, ही जुनी समजूतही त्यात गेली. दिशा ठरते ती केंद्रकात रान-जीटीपी (जीटीपी हा एटीपीसारखा रेणू बांधलेलं रान) जास्त आणि बाहेर कमी असण्यावरून.

उलट टोक उष्णतेचं. 43 अंशांच्या धक्क्यानंतर इम्पोर्टिन-आल्फा केंद्रकात अडकतं, नेहमीची आयात मंदावते. तरी एचएसपी-70 हे संरक्षक प्रथिन मात्र केंद्रकात जमतं, हे 1984 पासून माहीत होतं. त्याचा वाहक सापडायला 2012 उजाडलं. जपानच्या रिकेन संस्थेतल्या इमामोतो गटानं शोधलेलं हे हिकेशी नावाचं प्रथिन इम्पोर्टिनच्या कुळातलं नाही, त्याला रानही लागत नाही. ते एटीपी बांधलेलं एचएसपी-70 धरून छिद्र ओलांडतं. हिकेशी घटवलेल्या हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी) गरम केल्या, तर एचएसपी-70 केंद्रकात पोचत नाही आणि त्या धक्क्यातून तगणाऱ्या पेशी कमी होतात.