एक अपघात, चार दफ्तरं

अपघाताची पोलिसी नोंद आपल्याकडे मुळात गुन्ह्याची नोंद. भारतीय दंड संहितेचं कलम २७९ (बेदरकारपणे गाडी चालवणं) किंवा ३०४-अ (निष्काळजीपणाने मृत्यू) लावायचं तर बेदरकार कोण होता ते दाखवावं लागे. वळणाचा उतार चुकीचा होता का, दुभाजक कुठे तुटला होता, याला पंचनाम्यात फारशी जागा नव्हती. अपघाताची जागाही 'अमुक फाट्याजवळ, तमुक ढाब्यासमोर' अशी लिहिली जाई. गाडीचा तपासणी अहवाल आरटीओकडे, जखमीचे कागद रुग्णालयात. आणि रस्ता ज्याच्या ताब्यात, त्या बांधकाम खात्यापर्यंत यातलं सहसा काही पोहोचत नसे.

वर्षाअखेरीचे आकडे मात्र दोन वाटांनी दिल्लीला जात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आणि रस्ते वाहतूक मंत्रालय, दोघेही पोलिसांकडूनच माहिती घेतात, तरी त्यांच्या बेरजा जुळतातच असं नाही. २०१६ साली सरकारी नोंदीत १,५०,७८५ मृत्यू होते; जागतिक आरोग्य संघटनेचा त्याच वर्षाचा अंदाज होता जवळपास ३ लाख. कारणांच्या तक्त्यात सर्वांत मोठा वाटा ठरलेला: चालकाची चूक. चालकाला आरोपी करण्यासाठी भरलेल्या कागदातून दुसरं काय निघणार?

माहिती एका खात्यातून दुसरीकडे जावी, यासाठीचा जुना आणि नेटाचा रेटा अभियंत्यांपेक्षा भरपाईच्या दाव्यांतून आला. १९९४ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात पोलिसांनी ३० दिवसांत अपघाताचा अहवाल दावा न्यायाधिकरणाला द्यावा अशी तरतूद झाली, पण ती बरीच कागदावरच राहिली. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तपशीलवार अपघात अहवालाची पद्धत घालून दिली. रस्त्यांच्या बाजूने दबाव आला तो २०१४ नंतर. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली न्या. के. एस. राधाकृष्णन यांची समिती राज्यांकडे ब्लॅक स्पॉटचा हिशेब मागू लागली. राष्ट्रीय महामार्गावर असा स्पॉट म्हणजे सुमारे ५०० मीटरचा पट्टा, जिथे ३ वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा १० मृत्यू झाले. 'ढाब्यासमोर' या पत्त्यावरून ५०० मीटर कसे मोजणार?

'आयरॅड' हा सामायिक अपघात नोंदसंच आला तो इथे. जागतिक बँकेचा पैसा, आयआयटी मद्रासची आखणी, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची अंमलबजावणी. २०२१ च्या सुरुवातीला ज्या सहा राज्यांत तो आधी उतरला, त्यांत महाराष्ट्र होता. हवालदार जागेवरूनच मोबाइलवर स्थान आणि फोटो टाकतो. मग त्याच नोंदीत आरटीओ, रस्ते विभाग आणि रुग्णालय आपापला भाग भरतात. त्याला जोडलेल्या 'ई-डार'मधून, म्हणजे तपशीलवार अपघात अहवालाच्या इलेक्ट्रॉनिक रूपातून, ती माहिती विमा कंपनी आणि न्यायाधिकरणापर्यंत जाते. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पहिला अहवाल ४८ तासांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो. रस्ता किती दिवसांत सुधारायचा, याची मुदत या नियमांत नाही. ते दाव्यांसाठी केलेले आहेत.