साठीनंतर बोट जास्त लागते?

‘साठीनंतर बोट जास्त लागते, बेटांवरचे प्राणी बघायची सफर आता नको’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. प्रत्यक्षात उलट आहे. डोळ्यांना केबिन स्थिर दिसते, आतल्या कानाला हेलकावे जाणवतात. त्या गोंधळातून मळमळतं. हा त्रास शाळकरी वयात सर्वाधिक, पुढे बहुतेकांचा कमी होतो. घाटातला प्रवास आठवा: पिशवी कोणासाठी लागते?

काळजी घ्यायची ती पावलांची. प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांवर काही ठिकाणी रबरी होडीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, कुठे ओल्या, निसरड्या खडकावर. म्हणून बुकिंगआधीच प्रत्येक थांब्यावर कसं उतरायचं ते विचारून घ्या. केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी घ्या. मळमळीच्या काही गोळ्यांनी गुंगी येऊन तोल जातो, तेव्हा डॉक्टरांना विचाराच.