अनुशेष (विदर्भ)

अनुशेष : राज्याच्या सरासरीच्या तुलनेत एखादा जिल्हा किंवा विभाग विकासात किती मागे राहिला, याचे रुपयांत किंवा हेक्टरांत मांडलेले माप. राखीव जागांच्या नोकरभरतीतही हा शब्द वापरतात. पण विदर्भात नुसते ‘अनुशेष’ म्हटले की बहुधा सिंचनच डोळ्यांसमोर येते. कापूस, तूर आणि सोयाबीनची बहुतांश शेती कोरडवाहू, म्हणजे पावसाच्या भरवशावर असल्याने पाण्यातले मागासलेपण इथे थेट घरातल्या हिशेबात उतरते.

या मागणीचे मूळ 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात आहे. विदर्भाने मराठी राज्यात यावे, त्या बदल्यात निधी, सरकारी नोकऱ्या आणि शिक्षणातल्या जागांत त्याला न्याय्य वाटा मिळावा आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरावे, असे ठरले. यातले अधिवेशन तेवढे बहुतेक वर्षी भरत आले. संविधानाच्या कलम 371(2) मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद 1956 मध्येच झाली होती, पण मंडळे प्रत्यक्षात आली 1994 साली.

मधल्या काळात अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (1983-84) पहिल्यांदा मागासलेपणाला आकडा दिला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्ह्याची स्थिती राज्य सरासरीशी ताडून पाहायची आणि सरासरी गाठायला किती खर्च येईल ते काढायचे, अशी ही रीत. सिंचनासाठी समितीने ‘रब्बी ज्वारी समतुल्य’ हे एकक वापरले. उसाच्या एका हेक्टरला जेवढे पाणी लागते त्यात ज्वारीचे कितीतरी हेक्टर भिजतात, म्हणून सगळी पिके ज्वारीच्या मापात आणली गेली. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे 1,247 कोटी, म्हणजे 39 टक्क्यांच्या आसपास. 1995 मध्ये नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने 1994 ची स्थिती मोजली, तेव्हा राज्याचा आकडा 14 हजार कोटींवर गेला होता आणि त्यातला जवळपास निम्मा विदर्भाचा होता. रक्कम वाढण्यात भाववाढीचा हात मोठा, हे खरे. पण हिस्सा वाढला तो भाववाढीने नव्हे. मागचा जिल्हा सरासरीकडे चालत असताना पुढचे जिल्हे थांबून राहत नाहीत, ही या मोजमापातली मूळ अडचण आहे.

दुसरी अडचण अधिक बोचरी. अनुशेष रुपयांत धरला की ठरलेली रक्कम खर्ची पडताच तो कागदावर संपतो. पण तेवढ्यात धरणाचा खर्च कित्येक पट झालेला असतो आणि भिजायचे हेक्टर तसेच उरतात. यामुळेच पुढे ‘आर्थिक’ आणि ‘भौतिक’ अनुशेष असा भेद करावा लागला. अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या जिल्ह्यांचा भौतिक अनुशेष सर्वांत चिवट ठरला. गोसीखुर्द हे या रखडण्याचे ठळक उदाहरण : वैनगंगेवरच्या या प्रकल्पाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी झाली, मूळ खर्च धरला होता सुमारे 372 कोटी, आज तो आकडा हजारो कोटींत बोलला जातो. 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. 2006 मध्ये पंतप्रधानांनी पश्चिम विदर्भातल्या पाच आणि वर्धा अशा सहा जिल्ह्यांना शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 3,750 कोटींचे पॅकेज दिले, त्यातलाही अर्ध्याहून मोठा भाग सिंचन प्रकल्पांसाठीच होता.

रखडण्याची कारणे सगळीकडे सारखी नाहीत. पूर्व विदर्भात वनजमीन आडवी येते. त्यातही ‘झुडपी जंगल’ हा खास तिढा आहे : महसुली कागदात चराई-झुडपांची म्हणून नोंदलेली ही जमीन 1980 च्या वन कायद्याच्या कक्षेत आल्याने कालव्यासाठीसुद्धा केंद्राची परवानगी लागते. पश्चिमेला पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारे आहे, तिथे ‘विहीर खणा’ हा सल्ला कामाचा नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतले माजी मालगुजारी (मालगुजार म्हणजे जुन्या काळचे सारा गोळा करणारे जमीनदार) तलाव, म्हणजे बोलीतले मामा तलाव, हे तर अनुशेषाच्या चर्चेत क्वचितच येतात. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले आणि राखलेले हे तलाव मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले. त्यांतले कितीतरी गाळाने उथळ झाले. नव्या धरणाच्या भूमिपूजनाला मंडप पडतो, गाळ काढायला तो पडत नाही.

हिशेबाच्या पलीकडचा भाग वावरात दिसतो. कालव्याचे काम पूर्ण झाले की ‘सिंचन क्षमता निर्माण’ झाली असे धरतात. पाणी शेवटच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, पोचते की नाही, ही वेगळी गोष्ट. पाटचारीत बेशरमची झाडे माजलेली आणि काठाच्या माणसाने विहिरीवर पंप बसवलेला, हे चित्र नवे नाही. पंपाला वीजजोडणी मिळाली की विद्युतीकरणाचा आकडा पुढे सरकतो. पण थ्री फेज लाइन पाळीने येते आणि आठवड्यातले काही दिवस ती पाळी रात्रीची असते. जानेवारीत हरभरा ओलायला माणूस डोक्याला मफलर गुंडाळून, बॅटरी आणि काठी घेऊन निघतो, कारण सरीत साप असतो आणि धुऱ्यावर रानडुक्कर. डीपी, म्हणजे पंपांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर नवी येईपर्यंत पिकाचे एक पाणी हुकलेले असते. कोणत्याही समितीच्या सूत्रात हे एक पाणी बसलेले नाही.

अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या समितीने (अहवाल 2013) जिल्ह्याऐवजी तालुका पातळीवर पाहावे, असे सुचवले. जिल्ह्याची सरासरी तिथल्या कोरड्या तालुक्याला झाकते, हे त्यामागचे साधे कारण. विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. निधी कुठे किती द्यायचा याचे निर्देश राज्यपालांकडून येत, त्यामागे मंडळांची आकडेमोड असे.